समासातली जत्रा

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी उभारलेली विज्ञानाची संकेतस्थळे मराठीत आता थोडीथोडकी नाहीत. त्यांतला मजकूर बरोबर की चूक, सोपा की बोजड, याची चर्चा शिक्षकांच्या बैठकांत होते. मजकूर ज्या पानावर बसवलेला असतो त्या पानाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ते काम सजावटीचे, म्हणून दुय्यम, अशी आपली समजूत असते. आम्हांला ती मान्य नाही. पानाची मांडणी हे वाचनाच्या प्रयोगातील उपकरण आहे, आणि उपकरण सदोष असेल तर उत्तम द्रव्ये वापरूनही प्रयोग फसतो. म्हणून येथे मजकूर बाजूला ठेवून आम्ही पानाचीच समीक्षा करणार आहोत.

उदाहरणादाखल एका संकेतस्थळावरील चंद्रग्रहणाचा पाठ घेऊ. पाठ उत्तम आहे. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हा प्रश्न पहिल्याच ओळीत विचारला आहे. चंद्राच्या कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते, ही गोष्ट दोन बांगड्या एकमेकींत तिरप्या धरून समजावली आहे. (बांगड्यांची ही युक्ती आम्हांला फार आवडली.) आकृत्या हाताने काढलेल्या, पण नेमक्या आहेत. आता या पाठाभोवती काय आहे ते पाहा. माथ्यावर ‘सहर्ष स्वागत’ म्हणत सरकणारी पट्टी. उजव्या कडेला सेकंदकाटा फिरणारे घड्याळ, त्याखाली दिनदर्शिका, हवामान, आजचा सुविचार, देशोदेशींचे झेंडे दाखवणारा भेटींचा आकडा, ‘नवीन’ असे लुकलुकणारे लाल अक्षर, आणि माउस जिकडे जाईल तिकडे पोहत येणारी माशांची टाकी. वरून अधूनमधून फुले पडतात. मजकुराच्या शेवटी ‘गूगल प्लस’वर पाठवा, असे बटण आहे; ती सेवा सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्येच बंद झाली. एवढ्या जत्रेत त्या दोन बांगड्या शोधायच्या कोणी?

ही गर्दी जमली कशी, याला थोडा इतिहास आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९०-९१ च्या सुमारास जगातले पहिले संकेतस्थळ तयार केले, तेव्हा त्यात केवळ मजकूर आणि दुवे होते. सर्नने २०१३ मध्ये ती जुनी पाने पुन्हा त्यांच्या मूळ पत्त्यावर ठेवली, आणि साध्या मोबाईलवरही ती बिनतक्रार उघडतात. पुढे नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये अक्षरे लुकलुकवण्याची सोय आली. ही कल्पना आपण थट्टेने मांडली होती, असे त्या कंपनीतील लू मॉन्टुली यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. थट्टा असली तरी ती पसरली. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने सरकती पट्टी आणली. फायरफॉक्सने २०१३ मध्ये लुकलुक काढून टाकली. सरकत्या पट्टीचे नाव एचटीएमएलच्या आजच्या मानकात ‘वापरू नये’ अशा घटकांच्या यादीत आहे. तरीही शाळांच्या संकेतस्थळांवर स्वागत सरकतच असते. पुढच्या पिढीत तयार साधने फुकट मिळू लागली. चार ओळी उचलून चिकटवल्या की घड्याळ सुरू! फुकट मिळते म्हणून जे जमते ते हळूहळू घरभर होते, हे सांगायला नको.

पण केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. प्रश्न डोळ्याच्या रचनेचा आहे.

आपले दृष्टिपटल सर्वत्र सारखे नसते. बारीक अक्षर ओळखण्याचे काम पीतबिंदूच्या मध्यावरील एका लहानशा खळग्याकडे असते. तेथे शंक्वाकार पेशी दाटीने बसलेल्या असतात. दृष्टिक्षेत्रातला त्याचा वाटा अवघा दोन अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीइतका असतो. डोळ्यांपासून ५० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर हे अंतर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर भरते. वाचताना नजर ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारत जाते. प्रत्येक थांब्यावर ती साधारण पाव सेकंद टेकते, दोन-एक शब्द टिपते आणि पुढे उडते. पुढची उडी कोठे मारायची याचा अंदाज कडेच्या अंधूक दृष्टीवरून घेतला जातो.

या कडेच्या दृष्टीचा एक सोपा प्रयोग वर्गात करता येतो. विद्यार्थ्याला फळ्यावरील एका अक्षराकडे टक लावून पाहायला सांगावे. दुसऱ्याने त्याच्या कानामागून एक हात हळूहळू पुढे आणावा आणि बोटे हलवत राहावी. बोटे किती आहेत हे सांगता येण्याच्या कितीतरी आधी, काहीतरी हलते आहे हे तो सांगतो. कडेची दृष्टी वाचायला निकामी, पण हालचाल टिपायला तत्पर असते. झुडपाआड काही हलले तर मान तिकडे वळावी, हे आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. आता संकेतस्थळाची कडेची पट्टी कोठे येते पाहा. ती नेमकी त्याच अंधूक भागात येते. तेथे ठेवलेला सुविचार, पाठ वाचत असताना वाचता येत नाही. पण तेथे फिरणारा सेकंदकाटा दर सेकंदाला नजरेला हाक मारतो. विद्यार्थी प्रत्येक वेळी तिकडे पाहतोच असे नाही. न पाहण्यासाठीही त्याला प्रयत्न करावा लागतो, आणि तो प्रयत्न पाच अंशांचा कोन समजून घेण्याच्या प्रयत्नातून वजा होतो.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत याविषयी स्पष्ट नियम आहे. अन्य मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक काळ हलणारी, सरकणारी वा लुकलुकणारी कोणतीही गोष्ट वाचकाला थांबवता आली पाहिजे. स्वागताची पट्टी थांबवण्याचे बटण आम्ही अद्याप कोठेही पाहिले नाही. त्याच तत्त्वांत, सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा काही चमकू नये, असाही एक नियम आहे. त्यामागे गंभीर कारण आहे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ या मुलांच्या मालिकेच्या एका भागात लाल व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून चमकला. त्या संध्याकाळी ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले; त्यांत बहुसंख्य मुले होती. झटके, डोकेदुखी, मळमळ अशी लक्षणे होती. कडेच्या पट्टीतले लहानसे ‘नवीन’ एवढे घातक नाही. पण चमकणाऱ्या गोष्टी केवळ गंमत नव्हेत, एवढे यावरून कळावे.

सततच्या हाकेला माणूस शेवटी दाद देईनासा होतो, आणि यातून दुसरा तोटा उद्भवतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या बेनवे आणि लेन यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, ठळक रंगीत चौकटीत दिलेला दुवा हवी ती माहिती शोधणाऱ्यांच्या नजरेतूनच सुटतो. जाहिरातींची सवय झालेली नजर चौकट दिसताच तिला वगळते. म्हणजे परीक्षेच्या बदललेल्या तारखेची सूचना कडेला चमकत्या चौकटीत टाकली, तर ती लपवून ठेवल्यासारखीच होते. ती मजकुराच्या ओळीत, साध्या अक्षरांत द्यावी, मुले वाचतात.

यावर काही शिक्षकांचे म्हणणे असे की, मुलांना ओढून आणायला काहीतरी रंजक हवेच. हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात उभे राहणाऱ्याला रंजकतेचे मोल आम्हांपेक्षा अधिक ठाऊक असते. परंतु रंजकता पाठाच्या कण्यात आहे की कडेला टांगलेली आहे, याने सगळा फरक पडतो. हार्प आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये वीज कशी निर्माण होते यावरचा एक पाठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिला. काहींच्या पाठात विजेविषयीच्या चित्तवेधक, पण कार्यकारणाशी संबंध नसलेल्या हकिकती घातल्या होत्या. ज्यांना त्या हकिकती मिळाल्या त्यांना मूळ प्रक्रियेतील मुद्दे कमी आठवले आणि त्यावर आधारित नवे प्रश्नही कमी सुटले. तेथे तर जोडलेल्या गोष्टी निदान विजेच्याच होत्या! माशांच्या टाकीचा ग्रहणाशी काय संबंध? उलट, दोन बांगड्याही रंजक आहेत, पण त्या काढून घेतल्या तर पाठच कोसळेल. हीच कसोटी प्रत्येक चौकटीला लावावी.

आता भेटींच्या आकड्याकडे वळू. विज्ञानशिक्षकाच्या पानावर हा आकडा पाहून आम्हांला विशेष नवल वाटते. आपण विद्यार्थ्याला विचारतो, की हे उपकरण काय मोजते, त्याचे एकक काय, त्रुटी किती? तेच प्रश्न येथे विचारावे. हा आकडा साधारणतः पान किती वेळा मागवले गेले ते मोजतो. एकाच मुलाने पाच वेळा उघडले तर पाच. शिक्षकाने स्वतः दुरुस्त्या करताना वीस वेळा पाहिले तर, साधन त्याला वगळत नसेल तेव्हा, वीस. शोधयंत्रांचे स्वयंचलित कार्यक्रम रात्रंदिवस पाने मागवत फिरतात, तेही कधी मोजले जातात. अनेक साधनांत सुरुवातीचा आकडा मालकाला हवा तो भरता येतो, ही तर गंमतच! किती जणांनी पाठ वाचला आणि किती जणांना कळला, यांपैकी काहीही हा आकडा सांगत नाही. तो तुम्हांला हवा असेल तर खुशाल खाजगीत पाहा. विद्यार्थ्यासमोर तो मांडण्यात कोणता शैक्षणिक हेतू आहे, हे आम्हांला समजलेले नाही.

शिवाय हे साधन आपल्या पानावर राहत नाही. ते दुसऱ्याच्या यंत्रावर असते आणि दर वेळी तेथून मागवले जाते. त्यामुळे विद्यार्थ्याने आपला पाठ उघडला की त्याच्या जोडणीचा पत्ता, ब्राउझरचा प्रकार आणि बहुधा तो कोणत्या संकेतस्थळावर आहे याची नोंद त्या तिऱ्हाइताकडे पोहोचते. घड्याळ, हवामान, झेंडे आणि आकडा अशी चार साधने असतील तर चार तिऱ्हाइतांकडे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि बालकांचा माग ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर बंधने घालण्याची तरतूद केली आहे. कायद्याचा बारकावा वकिलांनी पाहावा. शाळेच्या फाटकावर अनोळखी माणूस मुलांची नावनिशी लिहीत बसला तर आपण त्याला हटकतो की नाही?

त्याहून मोठा धोका साधनात फेरफार होण्याचा आहे. चिकटवलेल्या त्या चार ओळी साध्या चित्राच्या नसून आज्ञावलीच्या असतील, तर त्यांना पानावर हवे ते करण्याची मुभा मिळालेली असते. ब्रिटनमध्ये ११ फेब्रुवारी २०१८ रोजी याचा प्रत्यय आला. पानावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘ब्राउजअलाउड’ नावाचे एक साधन अनेकांनी आपल्या संकेतस्थळांवर लावले होते. कोणीतरी त्या साधनाच्या मूळ आज्ञावलीतच बदल केला. त्यासरशी ४,००० हून अधिक संकेतस्थळे, त्यांत सरकारी आणि आरोग्यसेवेचीही, वाचकांच्या संगणकांवर त्यांच्या नकळत आभासी चलनाची गणिते सोडवून घेऊ लागली. विदासंरक्षणाची देखरेख करणाऱ्या ब्रिटिश आयुक्त कार्यालयाचे संकेतस्थळही त्यातून सुटले नाही. ते साधन निदान उपयोगाचे होते. आपण हीच जोखीम माशांसाठी पत्करतो.

वजनाचा हिशेबही करून पाहू. देवनागरीतले बहुतेक प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित साठवणपद्धतीत ३ बाइट घेते. तुम्ही वाचत आहात तो हा सबंध लेख सुमारे ४० किलोबाइटचा होईल. मोबाईलने काढलेले आणि लहान न करता तसेच चढवलेले शाळेचे एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे, म्हणजे या लेखाच्या शंभरपट असते. गावाच्या कडेला जोडणीचा वेग सेकंदाला २०० किलोबिट मिळत असेल तर लेख दीड-दोन सेकंदांत येईल, छायाचित्राला अडीच मिनिटांहून अधिक लागतील. बरे, मोबाईलच्या अरुंद पडद्यावर कडेच्या पट्टीला कडाच उरत नाही. बहुतेक तयार मांडण्या तिला मजकुराच्या तळाशी ढकलतात किंवा अजिबात दाखवत नाहीत. अनेकदा न दिसणारी ती पट्टी उतरवून मात्र घेतलीच जाते. विद्यार्थी घरी बहुधा मोबाईलवर वाचतो. आपण शाळेच्या संगणकावर बसून जी सजावट करतो तिचे पैसे तो भरतो, आणि ती त्याला दिसतही नाही.

रंगांविषयी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना फार सांगणे नको. डोळ्याच्या भिंगात निळ्या प्रकाशाचे वक्रीभवन लाल प्रकाशाहून अधिक होते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी दृष्टिपटलावर नेमके केंद्रित होत नाहीत. निळ्यावर लाल अक्षरे थरथरल्यासारखी वाटतात ती यामुळेच. वर उल्लेखिलेल्या तत्त्वांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान ४.५ सांगितले आहे. पांढऱ्यावर काळ्याचे ते २१ येते. शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल २.१, तर पांढऱ्यावर शुद्ध पिवळा १.१ इतकाच. आपल्या सर्वांच्या आवडीचा शुद्ध लाल, पांढऱ्यावर ४ भरतो, म्हणजे तोही काठावर नापास.

मराठीपुरते काही दोष असे आहेत की त्यांची दखल इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. इंग्रजी शीर्षकांत अक्षरे विरळ लावण्याची पद्धत आहे. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळतात. आपली भाषा प्रत्यय जोडत जाते. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ किंवा ‘प्रकाशसंश्लेषणाबद्दलचे’ असा एकच शब्द अरुंद पट्टीची ओळ अडवून बसतो. त्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला की शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात. म्हणजे कडेची पट्टी हे मराठी मजकुरासाठी मुळातच वाईट घर आहे.

आणि सर्वांत खेदाची गोष्ट, मजकूर चित्राच्या रूपात चढवणे. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. तरी जुन्या टंकात टाइप करून, त्याचे चित्र काढून, तेच पाठ म्हणून दिलेले आम्ही वारंवार पाहतो. अंध विद्यार्थी ज्या वाचकप्रणालीच्या आधारे ऐकून शिकतो तिला त्या चित्राखाली वेगळा मजकूर दिलेला नसेल तर तेथे ‘चित्र’ यापलीकडे सहसा काही सांगता येत नाही. शोधयंत्रालाही त्यातला शब्द सापडण्याचा भरवसा नाही. मोबाईलवर अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते.

याच्या जोडीला मजकुराची नक्कल होऊ नये म्हणून माउसचे उजवे बटण बंद करून ठेवण्याची प्रथा आहे. कोणी आपले नाव पुसून लेख ढापतो याचा संताप आम्ही समजू शकतो, तसे घडतेही. परंतु पान वाचकाच्या यंत्रावर उतरले त्याच क्षणी त्याची प्रत तेथे झालेली असते. ज्याला ढापायचे आहे तो दोन मिनिटांत ती बाहेर काढतो. अडतो तो शिक्षक, ज्याच्या वर्गात जोडणी नाही आणि ज्याला बांगड्यांचा परिच्छेद छापून न्यायचा आहे. अडते ती मुलगी, जिला ‘प्रतल’ हा शब्द उचलून कोशात पाहायचा आहे.

मग कडेच्या पट्टीत ठेवावे तरी काय? इयत्ता आणि विषय यांनुसार पाठांची अनुक्रमणिका, आणि शोधाची चौकट. आम्हांला आणखी काही सुचत नाही. याउलट, पाठाच्या डोक्यावर हव्यात अशा दोन गोष्टी मात्र बहुतेक ठिकाणी नसतात. लेखकाचे नाव आणि लिहिल्याची तारीख. विज्ञानाच्या पानाला तारीख अत्यावश्यक आहे. ‘शनीला १८ उपग्रह आहेत’ हे वाक्य १९९५ मध्ये बरोबर होते. २०१९ मध्ये ही संख्या ८२ झाली, आणि मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळून ती २७४ वर गेली. तारीख नसेल तर वाचणाऱ्याने यांतले कोणते वाक्य धरायचे? चंद्रग्रहणाच्या त्या पाठाशेजारचे घड्याळ आत्ता किती वाजले ते सेकंदासह सांगते, आणि ते तर विद्यार्थ्याच्या मोबाईलच्या माथ्यावर आधीच लिहिलेले असते. पाठ कोणी लिहिला आणि कोणत्या वर्षी, हे मात्र आम्ही शेवटपर्यंत शोधले. त्या पाठातील आगामी ग्रहणांचा तक्ता कोणत्या वर्षापासून पुढचा आहे, हेही त्यामुळे कळू शकले नाही.